एका लाल फुलीची दुरुस्ती

हजेरीपटावर लाल फुली मारायला कितीसा वेळ लागतो? एक रेघ इकडून, एक रेघ तिकडून, संपलं. ती पुसून घ्यायला मोजमाप्यांना अडीच महिने लागले. आणि एवढं करून शेवटी जे पुसलं गेलं ते भलतंच, पण ते नंतर येईलच.

मोजमापे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमाप खात्यात होते. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू आणि काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायचे. कॉलनीतले लोक आधी पाठीमागे त्यांना मोजमापे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि मोजमाप्यांनी तो आपला मान समजून घेतला. तशी समजूत करून घेणं सोयीचं होतं. घरातलं घड्याळ ते रोज रेडिओवर लावत. त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची, दिवसभर लोकांच्या ठणकत्या दाढांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि घरी आल्यावर तिच्याकडे ऐकून घेण्याची ताकद फारशी उरलेली नसायची. मोजमापे बोलत राहायचे, ती भाजी चिरत राहायची.

तर त्यांच्या चौथीतल्या लेकीच्या प्रगतिपुस्तकात ‘गैरहजर दिवस : एक’ असं आलं, पुढे तारीख आणि तिच्यावर लाल फुली.

एक. शून्य असतं तर तिचं नाव शाळेच्या सभागृहातल्या मोठ्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलं गेलं असतं, आणि सत्राच्या शेवटी शाळा मंडळाच्या बसमधून तारांगण बघायला जायला मिळालं असतं. शंभर टक्के हजेरीवाल्यांचा तो दरवर्षीचा मान होता. ही पोर नाक गळत असताना शाळेत गेलेली, दात पडला त्या दिवशी तोंडात कापूस धरून गेलेली. गैरहजर कधी राहिली नव्हती. हे मोजमाप्यांना ठाऊक होतं, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी ते स्वतः टिंब देत असत.

“बारा तारीख, मंगळवार,” ते म्हणाले. “टिंब आहे. तू गेली होतीस.”

“गेले होते,” लेक म्हणाली.

“मग ही फुली कुठून आली?”

“जाऊ दे ना बाबा. शिट्टी नेणार आहे मला.”

शिट्टी म्हणजे खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी वाजवायची की तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्यांवरचे पक्षी उडायचे. रोज सकाळी आठला वीस कमी असताना जिन्याखालून तिची शिट्टी यायची आणि मोजमाप्यांची लेक दप्तर काखोटीला मारून सुसाट खाली पळायची. शिट्टीची आई कोपऱ्यावर लाँड्री चालवायची, म्हणजे कपडे धुणारी, इस्त्री करणारी आणि घरोघर पोचवणारी सगळी तीच. वर्गात शंभर टक्के हजेरी आता एकट्या शिट्टीची होती. आणि नियमात असं होतं की अशा प्रत्येक मुलाला वर्गातल्या एकाला सोबत म्हणून बसमधून नेता येईल. दोघींनी ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. खिडकीशी कोण बसणार यावर जाताना एक, येताना दुसरी, असा तोडगासुद्धा निघाला होता.

इथे खरं तर ही गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाच्या घरी संपलीही असती.

“सोबत म्हणून?” मोजमापे म्हणाले. “माझी मुलगी दुसऱ्याच्या हजेरीवर जाणार? स्वतःची असताना?”

“तिला चालतंय ना,” बायको म्हणाली.

“तिला चालेल. ती नऊ वर्षांची आहे. मला नाही चालत.”

दुसऱ्या दिवशी ते वर्गशिक्षिकेला भेटले. बाईंनी पट उघडला, फुली पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. “ही माझ्या रजेतली आहे. तेव्हा बदली बाई होत्या.” बदली बाई आता कुठे असतात? ते कुणाला माहीत नव्हतं. महिना संपला की पट ऑफिसात जमा होतो, मग बाईंच्या हातात काही राहत नाही, आणि हे सांगताना त्यांना फार बरं वाटत असल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

ऑफिसात हजेरीचं काम बघणाऱ्या बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून मोजमाप्यांकडे पाहिलं आणि पुरावा मागितला. मोजमाप्यांनी पुरावा नेलाच होता. पुराव्याशिवाय हा माणूस घरातल्या घरातसुद्धा वाद घालत नाही. त्यांनी लेकीची गणिताची वही पुढे केली. बारा तारीख, मंगळवार, सहा गणितं, सहाही बरोबर, खाली बदली बाईंची सही.

बाईंनी वही उलटीसुलटी केली. “यावरून वही हजर होती असं दिसतं.”

“आणि सही?”

“वहीवर आहे ना सही. मुलीवर कुठे आहे?”

वीस वर्षांच्या नोकरीत मोजमाप्यांनी कितीतरी दुकानदारांना अशीच उत्तरं दिली होती. ती ऐकायला कशी लागतात हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, पण त्यातून त्यांनी घेतलं काहीच नाही. घरी येऊन फक्त पाय आपटले.

आता कॉलनीत बातमी पसरायला काय लागतं. संध्याकाळपर्यंत जिन्यावर सल्ल्यांचा बाजार भरला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे ते तुंबलेले होते. ते म्हणाले, अर्ज करू नका, निवेदन द्या. अर्ज खाली पडून राहतो, निवेदनाला उत्तर द्यावं लागतं. चार प्रती काढा, आणि चौथी प्रत कुणाला दिली हे कुणाला सांगू नका, त्यानं दरारा बसतो. मोजमाप्यांनी चार प्रती काढल्या. चौथी अजून त्यांच्याच कपाटात आहे.

औषधाच्या दुकानदाराचं डोकं वेगळ्याच दिशेनं चाललं. तो म्हणाला, मूल गैरहजर का राहतं? आजारी असतं म्हणून. मग ती आजारी नव्हती असं डॉक्टरकडून लिहून आणा, विषयच मिटला.

आणि मोजमापे गेले की हो डॉक्टरकडे. बाहेर ताप आलेली सात माणसं बसलेली, त्यांच्या मागे हे ठणठणीत गृहस्थ, बरोबर ठणठणीत मुलगी.

“काय होतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“आता काही नाही. त्या बारा तारखेलाही काही नव्हतं. तेच लिहून हवंय.”

“पण मी तेव्हा तिला पाहिलं नव्हतं.”

“तेच म्हणतोय मी. आजारी असती तर तुमच्याकडेच आणली असती ना?”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, दाराबाहेरची रांग पाहिली आणि लिहून दिलं, की अमुक तारखेला सदर मुलगी माझ्या दवाखान्यात आलेली नव्हती. खाली सही, शिक्का. तो शिक्का पाहून मोजमाप्यांना जरा धीर आला. शिक्क्यावर त्यांचा भाबडा विश्वास होता.

शाळेनं हे सगळं बाड बघितलं आणि हात झटकले. पट वर गेला की दुरुस्ती शाळा मंडळात होते. शाळा मंडळाचं ऑफिस म्हणजे तीन मजली इमारत, खाली पाच खिडक्या, त्यातली एक उघडी. वेळ दहा ते तीन. मोजमाप्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दोन तास उभे राहिले, आणि खिडकीतल्या माणसानं कागद न बघताच विचारलं, “विद्यार्थी कुठाय?”

“शाळेत. आज शाळा आहे.”

“विद्यार्थी समक्ष लागतो. गैरहजर होता की नव्हता हे ठरवायचंय, आणि तो हजरच नाही, मग कसं जमायचं?”

“पण तिला इथे आणली तर तिची शाळा बुडेल. आणखी एक फुली पडेल.”

“नाही पडत लाल. कामकाजासाठी आलेल्यांना निळी फुली मारतात. काळजी करू नका.”

मोजमाप्यांनी काळजी केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या गोष्टीची नीट चौकशी केली नाही, आणि ती नेमकी हीच. पुढच्या सोमवारी ते लेकीला घेऊन गेले. सकाळी शिट्टी वाजली तेव्हा लेकीनं गॅलरीतून वाकून सांगितलं, मी आज येत नाहीये, ऑफिसात जायचंय. खालून शिट्टीनं विचारलं, कशाला? लेक गॅलरीतून आत आली.

तपासणी अधिकारी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते. कसलं प्रशिक्षण, तर वेळेच्या नियोजनाचं. बापलेक तीन वाजेपर्यंत बाकावर बसले. लेकीनं भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचून काढल्या, मग त्यांतल्या लेखनाच्या चुका मोजल्या, मग बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. निघताना खिडकीतून एक चिठ्ठी मिळाली. अनुपस्थितीचे कारण : अनुपस्थितीची दुरुस्ती.

“बाबा, आता पुरे ना,” येताना ती म्हणाली. “मला नकोय फळीवर नाव.”

“नाव महत्त्वाचं नाही. बरोबर काय ते महत्त्वाचं.”

“मला शिट्टीबरोबर जायचंय फक्त.”

“जाशील की. दोघी आपापल्या नावावर जाल. मग तर बरंच झालं?”

तिनं बोट सोडवून घेतलं आणि दोन पावलं पुढे चालू लागली. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे एखाद्या साध्या बापाच्या ध्यानात आलं असतं. मोजमापे साधे नव्हते, ते बरोबर होते.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी अधिकारी जागेवर होते. राखाडी स्वेटर घातलेला, पेपरमिंट चघळणारा, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी बसायला सांगितलं, लेकीलाही एक पेपरमिंट दिलं, निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, “मला पटतंय तुमचं. ही मुलगी हजर होती.”

मोजमाप्यांना भरून आलं. अडीच महिन्यांत एवढं एक वाक्य त्यांना कुणी दिलं नव्हतं. बायकोनंही नाही.

“फक्त एक आहे,” अधिकारी म्हणाले. “त्या दिवशी या वर्गात एक गैरहजर, असा आकडा वर गेलेला आहे. शाळेचा आकडा मंडळाच्या आकड्यात मिळालाय, तो पुढे गेलाय. आकडा आता हलत नाही. नाव बदलता येईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही नसेल तर दुसरं कोण होतं? रकाना नऊ. प्रत्यक्ष गैरहजर विद्यार्थ्याचे नाव. ते भरा, सही करा, मी आत्ता मंजूर करतो.”

फाइलमध्ये वर्गातल्या जागांचा नकाशा जोडलेला होता. बदली बाईंना मुलं ओळखू येत नव्हती, म्हणून त्या या नकाशावर बोट ठेवून रिकाम्या खुर्च्या टिपायच्या. तिसरी रांग. भिंतीकडची खुर्ची मोजमाप्यांच्या लेकीची, तिच्या शेजारी खिडकीकडची. फुली भिंतीकडच्या खुर्चीवर होती. काटा पाच ग्रॅमनं कुठे मार खातोय हे ज्याला लांबून कळतं, त्याला एवढं कळायला वेळ लागला नाही.

“तू त्या दिवशी खिडकीशी बसली होतीस?”

लेक बुटांकडे बघत होती. “रिकामी होती ती जागा.”

“का रिकामी होती?”

“शिट्टीच्या आईचा हात भाजला होता. इस्त्रीनं. ती दुकानात थांबली होती.” मग घाईघाईनं म्हणाली, “तिनं सांगितलं होतं बाईंना नंतर. बाई म्हणाल्या, पट वर गेला, आता राहू दे. ती मला आता म्हणाली की बसमध्ये दोन्ही वेळा मीच खिडकीशी बसायचं. बाबा, नको ना लिहू.”

आता बघा, इथे मोजमाप्यांच्या मनात काय आलं ते सांगायला हवं, नाहीतर तो माणूस दुष्ट वाटेल, आणि तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर निदान मजा तरी वाटली असती त्याला. त्यांच्या मनात आलं की आपण खोटं काहीच लिहीत नाही आहोत. मुलगी गैरहजर होती. गैरहजर असलेल्याला गैरहजर म्हणायचं, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? वाईट आपल्यालाही वाटतंय, पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं? शिवाय मागे चौदा माणसं उभी होती, अधिकाऱ्यांनी पेन टोपण काढून पुढे धरलेलं होतं, आणि अडीच महिने ज्यासाठी जोडे झिजवले ते एका ओळीवर अडलं होतं. त्या ओळीशी येऊन घरी परत जायचं, हेडमास्तरांना काय सांगायचं, औषधवाल्याला काय सांगायचं, हेही त्यांच्या मनात आलं. ते आलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यांनी रकाना नऊ भरला. शिट्टीचं खरं नाव काय, हे मात्र त्यांना आठवेना. ते त्यांनी लेकीलाच विचारलं. तिनं सांगितलं नाही. शेवटी नकाशावर बघून लिहिलं.

मंजुरीचं पत्र आठवड्याभरात आलं. इतकं झटपट त्या ऑफिसातून आजवर काही आलं नसेल. बारा तारखेची लाल फुली रद्द. खाली दोन निळ्या फुल्यांची नोंद, एकूण गैरहजर दिवस : दोन. निळी फुली ही क्षम्य असली तरी फुलीच आहे, असा खुलासा तळटीपेत होता. म्हणजे एकाची दुरुस्ती होऊन दोन झाले. आणि खिडकीकडच्या खुर्चीवरच्या मुलीच्या नावापुढे, रीतसर, नवी, ताजी लाल फुली.

चौथीच्या वर्गात आता शंभर टक्के कुणीच नव्हतं. मुख्याध्यापिकांनी सभागृहात तसं जाहीर केलं आणि चौथीच्या जागा सहावीला दिल्या. पत्राबरोबर एक प्रशस्तिपत्रक होतं, ‘दक्ष पालक’, नक्षीदार चौकटीत, शिक्क्यासकट. मोजमाप्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बायकोनं ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं.

“अगं, शिक्का आहे त्यावर,” मोजमापे म्हणाले.

“हो. म्हणूनच जाड आहे.” मग तिनं टेबल हलवून बघितलं आणि म्हणाली, “माझ्याकडे रोज माणसं येतात. एक दात दुखतो म्हणून येतात. तो काढायचा की नाही हे त्यांना विचारतात तरी. तू तिला विचारलं होतंस का?”

मोजमापे उठले आणि रेडिओ लावून घड्याळ पुन्हा जुळवू लागले.

शनिवारी शिट्टीची आई कपडे घेऊन आली. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, इस्त्रीच्या टोकासारखा त्रिकोणी. इतके दिवस दर शनिवारी मोजमाप्यांनी तो पाहिला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं. ती नेहमी गठ्ठा दारातल्या खुर्चीवर ठेवून निघून जायची. आज ठेवून उभी राहिली.

“मला कळवायचं होतंत,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी स्वतः येऊन सही दिली असती. लेक माझी त्या दिवशी दुकानात होती, ते मी लपवलं नव्हतं. तुमचीच पोर त्या संध्याकाळी गृहपाठ आणून देऊन गेली होती.”

“तसं काही मनात नव्हतं माझ्या,” मोजमापे म्हणाले. “फक्त नोंद बरोबर व्हावी...”

“झाली ना?”

“झाली.”

तिनं गठ्ठ्याकडे बोट केलं. “सहा शर्ट, दोन पँटी, एक चादर. मोजून घ्या.”

इतक्या वर्षांत तिनं त्यांना कधी मोजायला सांगितलं नव्हतं. ते मोजेपर्यंत ती दारातून हलली नाही. मोजमाप्यांनी मोजले. शर्ट सहाच होते, पट्टी लावल्यासारखे घडी केलेले, कुठे सुरकुती नाही.

तारांगणाची बस सुटली त्या दिवशी सकाळी मोजमापे आपलं घड्याळ लावून बसले होते. आठला वीस कमी झाले. मग पंधरा. जिन्याखालून आवाज आला नाही. तसा तो गेले दोन आठवडे येत नव्हता, शिट्टी हल्ली समोरच्या रस्त्यानं एकटी जायची, पण कान ऐकायचा राहतो थोडाच. लेक गणवेश घालून पलंगाच्या कडेला बसलेली, दप्तर मांडीवर.

“वेळ झाली,” ते म्हणाले.

“माझ्या पोटात दुखतंय.”

मोजमाप्यांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी तिनं दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, चेहरा स्वच्छ होता, कपाळ गार होतं. हाताखाली आलेला काटा खोटा की खरा हे ते डोळे मिटून सांगू शकत, आणि हा खोटा आहे हे कळायला त्यांना डोळे मिटायचीही गरज नव्हती. तिलाही ते ठाऊक होतं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला, समास पाडला, तारीख घातली. माझ्या मुलीच्या पोटात दुखत असल्यामुळे ती आज शाळेत येऊ शकत नाही. एवढं एक वाक्य लिहायला त्यांना बराच वेळ लागला, कारण असं वाक्य त्यांनी आयुष्यात आधी लिहिलं नव्हतं. खाली सही केली. कागद खाली नेऊन वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाच्या हातात दिला, वर आले, आणि कॅलेंडरसमोर पेन्सिल हातात धरून उभे राहिले. मग पेन्सिल परत ठेवून दिली.

चौथीच्या वर्गातून त्या दिवशी वर आकडा गेला : एक गैरहजर. नाव, आकडा, तारीख, सगळं अगदी बिनचूक होतं.